अप्पा बळवंत चौक: कोणत्या वयाला काय घ्यावं आणि हातात घेऊन काय बघावं

पुण्याचा अप्पा बळवंत चौक हा यादीवर चालणारा बाजार आहे. सहावीचा संच, डझनभर दोनशेपानी, एक शब्दकोश, अशी चिठ्ठी पुढे केली की दहा मिनिटांत पिशवी भरून मिळते. पण ‘आठ वर्षांच्या मुलीसाठी काहीतरी चांगलं दाखवा’ म्हटलं की काउंटरमागचा माणूस हाताला लागेल ते चकचकीत मुखपृष्ठ पुढे सरकवतो. त्यात त्याचा दोष नाही. बहुतेक दुकानांत पुस्तकं प्रकाशनांप्रमाणे लावलेली असतात, वयाप्रमाणे नाही. वय आपणच घरून ठरवून न्यायचं आणि पुस्तकाचं नाव घेऊन मागायचं. तसं केलं तर या चौकाला पाचांपैकी चार तारे. पाचवा अडतो तो अगदी लहान मुलांच्या आणि अगदी म्हाताऱ्या माणसांच्या पुस्तकांपाशी. का, ते पुढे येईलच.

जाण्याचं आधी सांगून टाकू. चौक बाजीराव रस्त्यावर, शनिवारवाडा आणि लक्ष्मी रस्ता यांच्या मधे. मेट्रोच्या कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावरून चालत जाता येतं आणि तेच करावं. चारचाकी आणायचा विचारही नको. जून टाळा, शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत कथा-कादंबरी दाखवायला कोणाला सवड नसते. दुपारची वामकुक्षी पाळणारी दुकानं अजून आहेत, तेव्हा सकाळी उशिरा किंवा संध्याकाळी जा. बरीच दुकानं काउंटरची, म्हणजे मागाल ते आतून येणार. फडताळापाशी उभं राहून चाळायचं असेल तर चौकातलं रसिक साहित्य, किंवा बाजीराव रस्त्यानेच पुढे अत्रे सभागृहाजवळचं अक्षरधारा.

तीन वर्षांच्या आतल्या बाळाचं पुस्तक हे आधी खेळणं असतं. ते चावलं जातं, ओढलं जातं, आंघोळीच्या पाण्यात पडतं. म्हणून जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे, आणि पानं पिनांनी जोडलेली नकोत. दमट हवेत पिना दोन पावसाळ्यांत गंजतात आणि सुटतात. पानावर एकच चित्र हवं. या वयासाठी मराठीत माल फार नाही, आणि जो आहे त्यात हिंदी तक्ते उचलून वर मराठी नाव चिकटवलेले बरेच. ते ओळखायची सोपी खूण म्हणजे ‘ळ’ शोधा. तो नसेल तर पुस्तक खाली ठेवा. असेल तर ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असतो, हिंदी वळणाचा उभ्या दंडाला टेकलेला. शाळेत मराठी वळण शिकवतात, २००९च्या शासन निर्णयानेही तेच प्रमाण धरलं आहे, आणि पुस्तकात दुसरंच दिसलं की पहिलीत गेलेलं मूल गोंधळतं. ‘ण’पुढे बाणाचं चित्र आणि ‘ळ’पुढे बाळाचं, म्हणजे अक्षर शब्दाच्या शेवटी, असं असेल तर करणाऱ्याने डोकं चालवलंय असं समजा, कारण या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत.

चार ते सात हा दोन टप्प्यांचा काळ, आणि दुकानात दोन्ही एकाच गठ्ठ्यात येतात. एक, मोठ्याने वाचून दाखवायची पुस्तकं. दुसरी, मुलाने स्वतः अक्षर लावून वाचायची. वाचून दाखवायचं असेल तर वाक्य लांब चालतं, जोडाक्षरं चालतात, बोली चालते, फक्त चित्रात बघण्यासारखं भरपूर हवं. इथे ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं नाव घेऊन मागा. ‘राधाचं घर’ हा छोट्या पुस्तकांचा संच आहे, आई, बाबा, आजी-आजोबा असं एकेका पुस्तकात एकेक माणूस. त्यातलं घर खरं वाटतं, कारण त्यात पसारा असतो. उपदेश शोधूनही सापडणार नाही.

मूल स्वतः वाचणार असेल तर हिशोब बदलतो. मधलं कुठलंही पान उघडा आणि जोडाक्षरं मोजा. पानावर दोन-तीनच्या वर असतील तर नवशिक्याला ते जड. रफार आणि ‘ऱ्या’ यांवर मुलं हमखास अडखळतात. ओळ डावीकडून उजवीकडे फार लांब नको, नाहीतर परतताना डोळा खालच्या ओळीऐवजी त्याच ओळीवर येतो. प्रथम बुक्सची पुस्तकं या बाबतीत सरळ आहेत, मागच्या पानावर पातळी छापलेली असते. पहिली पातळी अडीचशे शब्दांच्या आतली, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्याच्या वरची. त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर हीच पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. विकत घेण्याआधी तिथे एक वाचून मूल कुठल्या पातळीवर रमतं ते बघा. अनुवादांचा दर्जा मात्र तिथे वरखाली आहे. पहिलं वाक्य मोठ्याने वाचून पाहा, जीभ अडखळली तर पुढे जाऊ नका.

आठ ते बारा हे मराठीचं सर्वांत भरलेलं फडताळ, आणि सर्वांत फसवंही. आधी ‘श्यामची आई’ घ्या, कारण फसगत तिथेच जास्त. साने गुरुजी १९५० साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतं आणि छापतंही. काउंटरवर तीन-चार प्रकाशनांच्या प्रती येतील, किमतीत दुपटीचाही फरक असेल. स्वस्त घ्यायला हरकत नाही, पण आधी अनुक्रमणिका उघडा. मूळ पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. तेवढ्या नसतील तर ती संक्षिप्त आवृत्ती आहे, मग मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं असो वा नसो. मग मधलं पान उघडून दहा ओळी वाचा. घाईने अक्षरजुळणी केलेल्या प्रतींत ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झालेला असतो आणि अवतरणचिन्हं गळालेली असतात, त्यामुळे कोण बोलतंय ते मुलाला कळत नाही. आणखी एक. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती हे नुसतं देऊन चालत नाही. कोकणातली घरं, सोवळंओवळं, पत्रावळी, खंड, कर्ज, यातलं निम्मं सांगावं लागतं. रोज एक रात्र सोबत वाचली तर दीड महिना पुरतं, आणि त्याची रचनाही मुळात तशीच आहे.

भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ अजून पळतो. फुरसुंगीचा बन्या, सायकल, ‘ट्टॉक्’. पुस्तकं वीसेक आहेत, एकदम संच घेऊ नका. एक न्या, चाललं तर पुढची. भाषा जुन्या पुण्याची आहे, इंग्रजी माध्यमाच्या मुलाला पहिली दहा पानं कठीण जातात, ती आपण वाचून दाखवली की गाडी सुटते. नॅशनल बुक ट्रस्टचं ‘तोत्तोचान’, चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद, किमतीच्या मानाने या चौकातला सर्वांत चांगला सौदा. प्रकरणं दोन-तीन पानांची, त्यामुळे झोपण्याआधी एक संपतं. मुलाची आवड माहीत नसेल, भेट द्यायची असेल, तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ घ्या. बाल गट आणि कुमार गट वेगळे, प्रत्येकाचे दोन भाग. मराठीतल्या उताऱ्यांसोबत चांगली चित्रं. कोणत्या उताऱ्यावर मूल रेंगाळतं ते बघितलं की पुढची खरेदी आपोआप ठरते.

आणि एक फुकटची गोष्ट: बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१च्या नोव्हेंबरपासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन खुले केले आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकातले अंक चाळा, चित्रांसाठी तरी.

बारा-तेराव्या वर्षी वाचणारं मूल अचानक वाचेनासं होतं, आणि पालक घाबरून चरित्रं आणतात. सगळी चरित्रं वाईट नसतात. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) कथा न आवडणाऱ्या मुलालाही धरून ठेवतं, कारण त्यात शेंगदाण्याचं, मातीचं, रंगांचं प्रत्यक्ष काम आहे. पण या वयाला खरं लागतं ते आपल्याच वयाचं कोणीतरी. प्रकाश नारायण संतांचा लंपन त्यासाठी आहे. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं, याच क्रमाने. सीमाभागातली कानडी मिसळलेली मराठी आहे. पहिल्या गोष्टीत ती नवखी वाटते, तिसरीत कानात बसते. दुकानात लेखकाचं नाव सांगायला विसरू नका. नुसतं ‘वनवास’ म्हटलं तर रामायण हातात येण्याची शक्यता आहे.

असाच नावाचा घोटाळा मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’चा. शीर्षक बघून चौथीतल्या मुलासाठी नेणारे कमी नाहीत. नववीच्या वर्गाची, आणीबाणीच्या काळातली ही कादंबरी, त्यातलं प्रेमही नववीचं आणि तोंडची भाषाही नववीची. चौदाच्या पुढे द्या. आधी स्वतः वाचून ‘योग्य आहे का’ ते ठरवू असं म्हणणाऱ्या पालकांनी वाचावी जरूर, पण मग वर्षभर अडवून ठेवू नये. दहावी झाली की तिची गंमत वेगळी होते.

सतरा ते पंचवीस या वयाला आम्ही दोनच नावं आग्रहाने सांगू. नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) आणि दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८). ‘कोसला’ खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाची. वसतिगृहात राहणाऱ्याला ती विसाव्या वर्षी जशी लागते तशी चाळिसाव्या वर्षी लागत नाही, तेव्हा उशीर करू नका. ‘बलुतं’ला वयाची अट नाही, पण जात हा शब्द फक्त अर्जातल्या रकान्यात बघितलेल्या शहरी मुलाने ते याच वयात वाचलेलं बरं.

या वयाचा चौकातला खरा ग्राहक मात्र वेगळाच. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारी मुलं इथे येतात ती स्पर्धा परीक्षेसाठी, आणि काउंटरचा मोठा भाग त्यांनीच व्यापलेला असतो. त्यांच्यासाठी एकच सूचना, पण पैसे वाचवणारी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. जुन्या पद्धतीचे मुख्य परीक्षेचे वस्तुनिष्ठ प्रश्नसंच जुन्या बाजारात अगदी स्वस्तात मिळतात, ते यामुळेच. पूर्वपरीक्षेच्या सरावापुरते ठीक, मुख्यसाठी रद्दी. ‘अद्ययावत आवृत्ती’ या शब्दांवर जाऊ नका, आतल्या पानावरचं आवृत्तीचं साल बघा, आणि साल नवं असलं तरी चालू घडामोडींचं शेवटचं प्रकरण कुठवर येतं ते बघा. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, ती छापून बांधून विकणाऱ्याला पैसे देण्याची गरज नाही.

नवा संसार मांडणाऱ्याला कादंबरीआधी कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. मापं वाटीची असल्यामुळे घरात वजनकाटा लागत नाही. चुका होतात त्या मुलगा-सून दोघं वेगवेगळ्या वाट्या वापरतात म्हणून. डाळ एका वाटीने आणि पाणी दुसऱ्या वाटीने मोजलं की प्रमाण गेलंच. एक वाटी ठरवा आणि तीच डब्यात ठेवा. हे पुस्तक ओट्यावर उघडं राहायला हवं, म्हणून बांधणी बघून घ्या.

बांधणीचं इथेच सांगतो. पुस्तक मधोमध उघडा आणि पाठीकडे वरून बघा. घड्या घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे दिसले, म्हणजे फॉर्मे दोऱ्याने शिवलेले असले, तर पुस्तक सपाट उघडेल आणि वर्षानुवर्षं टिकेल. सरळ कापलेली पानं गोंदाच्या थरात रोवलेली दिसली तर ते नुसतं चिकटवलेलं. कादंबरीला चालतं, एकदा वाचून कपाटात जाते. पाककृती, शब्दकोश, पोथी, लहान मुलांचं लाडकं पुस्तक, यांना चालत नाही. काही वर्षांत गोंद कडक होतो, पाठ तडकते आणि पानं सुटी होतात, आणि नेमकी जी पानं जास्त उघडली जातात तीच.

तिशी-चाळिशीतल्यांची तक्रार वेळेची असते, आवडीची नसते. त्यांना जाडजूड ऐतिहासिक कादंबरी भेट देणं म्हणजे कपाटाला भेट देणं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दीडशे पानांच्या आतली, दोन रविवारांत होते आणि सुटलेली सवय परत लावते. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’त तीन दीर्घकथा आहेत, शीर्षकाची कथा उतारवयातल्या बाईची. चाळिशीत एकदा आणि साठीत एकदा वाचून पाहण्यासारखं ते पुस्तक आहे, दोन्ही वेळा वेगळ्या पानांवर खूण पडेल. आणि दिवाळी अंक. १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची ही रीत वेळ नसलेल्यांसाठीच आहे जणू. कोणाचं लिखाण आवडतं हे अंकातून कळतं, मग त्याचं पुस्तक घ्यावं. दिवाळी सरल्यावर दोन महिन्यांनी हेच अंक निम्म्या किमतीला मिळू लागतात. मजकूर शिळा होत नाही, फक्त राशिभविष्य होतं.

आता साठीच्या पुढचं, जिथे हा बाजार उघड कमी पडतो. दोन चुका घरोघर होतात. एक, वय झालं म्हणजे धार्मिकच हवं असं धरून चालणं. दुसरी, आजारपण आणि म्हातारपण यांवरचीच पुस्तकं आणणं. आयुष्यभर रहस्यकथा वाचलेल्या माणसाला पंचाहत्तरीतही रहस्यकथाच हवी असते, फक्त अक्षर मोठं हवं असतं. आणि अडतं ते अक्षरापाशीच. मराठीत मोठ्या टायपातल्या कथा-कादंबऱ्या जवळजवळ नाहीतच, मोठा टाइप मिळतो तो पोथ्यांना. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्यामुळे ओळी दाटल्या की पान काळं दिसतं. दुकानात पट्टी लागत नाही, नेहमीच्या डेमी आकाराच्या पानावरच्या ओळी मोजा. तिसाच्या वर असतील तर थकलेल्या डोळ्यांना त्रास होणार, बावीस ते चोवीस असतील तर उत्तम. कागद पिवळसर आणि चमक नसलेला घ्या. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडते. वजनही बघा, एका हातात पुस्तक धरून मिनिटभर उभे राहा. मनगट भरून आलं तर ज्यांच्यासाठी नेताय त्यांचं आधी भरून येईल. दोन भागांतली आवृत्ती असेल तर ती घ्या, थोडी महाग पडली तरी.

ज्ञानेश्वरी घ्यायची असेल तर आधी विचारा: पारायणाला की समजून घ्यायला? पारायण प्रतीत नुसत्या ओव्या, टाइप मोठा. सार्थ प्रतीत खाली अर्थ, तोही बहुतेक वेळा बारीक टायपात, आणि ग्रंथ चांगलाच जड. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. रोज एक समास धरला तर साडेसहा महिने जातात. पोथीपलीकडे जायला तयार असतील त्यांना इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ द्या. महाभारतातल्या माणसांवरचे लेख, सुटे सुटे वाचता येतात आणि जेवताना वादाला विषय पुरतो. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून महिन्यामहिन्याने जातं, ते महिना लागला की तेवढंच वाचावं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचून दाखवायला सर्वांत चांगली, कारण ती मुळात बोलल्यासारखीच लिहिलेली आहेत. तिथेही संक्षिप्त की संपूर्ण ते विचारून घ्या.

छापील अक्षर झेपेनासं झालं की टॅब्लेट बरा, पण ई-पुस्तक घेताना एक फरक लक्षात ठेवा. पीडीएफमध्ये पान हा फोटोसारखा असतो, मोठा केला की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने सरकवावं लागतं. ई-पब किंवा किंडलच्या स्वरूपात अक्षर वाढवलं की ओळी नव्याने बसतात. नमुना प्रकरण उतरवा, अक्षर सर्वांत मोठं करा, आणि ‘ऱ्या’, ‘र्‍हा’ असलेले शब्द बघा. जुन्या फॉन्टमधून घाईने बदललेल्या पुस्तकात तिथेच चौकोन किंवा तुटकी अक्षरं दिसतात. ऐकायचं असेल तर स्टोरीटेलवर मराठी भरपूर आहे. वाचणाऱ्याचा आवाज आधी पाच मिनिटं ऐकवा, गती जरा कमी करून द्या. दृष्टी फारच अधू असेल तर ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व मिळतं का बघा, ते दृष्टिबाधितांसाठीच आहे.

जुनी पुस्तकं चौकात आणि आसपासच्या गल्ल्यांत मिळतात. तिथे पानं मोजत बसू नका, सोळा-सोळाच्या टप्प्यांवर बघा. पुस्तक सहसा सोळा पानांच्या फॉर्म्यांत छापलं जातं, त्यामुळे गहाळ झालं तर एक पान नाही, अख्खा फॉर्मा जातो. सोळावरून सतरा, बत्तिसावरून तेहतीस, अठ्ठेचाळीसवरून एकोणपन्नास नीट जुळतात का ते चाळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नव्या पुस्तकातही कधीकधी एक फॉर्मा दोनदा लागतो आणि पुढचा गायब असतो. बिल असेल तर बहुतेक दुकानदार निमूट बदलून देतात, म्हणून दहा टक्के सवलतीच्या नादात बिल सोडू नका.

पिशवी जड झाली आणि पुस्तकं गावी पाठवायची असतील तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा विचारा. १ मे २०२५पासून ती सुरू आहे, सुरुवातीचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोला शंभर रुपये असे होते, माग काढायची सोयही आहे. जमिनीवरून जाते, तेव्हा वाढदिवस गाठायचा असेल तर आठवडाभर आधी टाका, आणि पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या आत प्लॅस्टिकची पिशवी घालून.